अर्धी फेरी दहा तासांत

एमएस्सीच्या प्रकल्पात माझ्या वाट्याला आला तो कपोत तारकासमूहातल्या एनजीसी १८५१ या गोलाकार तारकागुच्छातला पल्सार, म्हणजे स्वतःभोवती गरगर फिरत ठरावीक अंतराने रेडिओ स्पंदनं पाठवणारा मृत, अतिघन तारा. नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने शोधलेला. २००४ साली शोध जाहीर झाला. गिरकी सुमारे ५ मिलिसेकंदांची. वेगवेगळ्या दिवशी मोजलेले स्पंदनकाळ (दोन स्पंदनांमधला वेळ) घ्यायचे आणि त्यांवरून जोडीदार ताऱ्याभोवतीची कक्षा काढायची, एवढंच काम होतं. पल्सार आपल्याकडे येताना काळ किंचित कमी भरतो, लांब जाताना जास्त.

मी कक्षा वर्तुळाकार धरली. अशा काही मिलिसेकंदांत गिरकी घेणाऱ्या, म्हणजे मिलिसेकंद पल्सारांच्या कक्षा बहुतेक गोलच असतात. जोडीदाराकडून द्रव्य ओढून घेताना त्यांची गिरकी वाढते आणि त्याच काळात कक्षाही गोल होत जाते. पण गोल कक्षेत स्पंदनकाळांचा जो साइन वक्र यायला हवा, तो काही केल्या बसेना. बरेचसे बिंदू जवळजवळ एका ओळीत, आणि दोन पार बाजूला. ते खराब असतील म्हणून मी वगळले. मॅडमनी परत घालायला लावले. म्हणाल्या, "अगं, कक्षा त्यांच्यातच आहे."

मग लंबवर्तुळ धरून केप्लरचं समीकरण लावलं; कोणत्या वेळी पल्सार कक्षेत कुठे असेल ते त्यातून कळतं. विमध्यता (कक्षा किती लांबट आहे त्याचं माप; वर्तुळासाठी शून्य) जवळपास ०.८९, कक्षाकाळ १८.८ दिवस. म्हणजे सगळ्यात लांबचं अंतर सगळ्यात जवळच्या अंतराच्या १७ पट! जोडीदाराला वळसा घालून अर्धी फेरी पल्सार १० तासांत उरकतो, उरलेल्या अर्ध्या फेरीला १८ दिवस लागतात. हा आकडा मी तीनदा तपासला. गुच्छाच्या गाभ्यात ताऱ्यांची इतकी दाटी असते की एखादा जड तारा जवळ येऊन जुन्या, हलक्या जोडीदाराला हुसकावून त्याची जागा घेतो. इथेही तसंच घडलं असावं, असं मानतात. कक्षा लांबट झाली ती त्या झटापटीत.

तरी ते बाजूचे बिंदू वक्रावर येईनात. दोन दिवस मी सूत्रातच चूक शोधत बसले. शेवटी फाइलींचे हेडर, म्हणजे नोंदीची वेळ वगैरे माहिती असलेला सुरुवातीचा भाग, उघडले. बाकी सगळ्या नोंदींची वेळ मी जागतिक वेळेत बदलून घेतली होती, या दोन बिंदूंच्या फाइली मात्र भारतीय प्रमाणवेळेतच राहिल्या होत्या. साडेपाच तासांचा फरक. कक्षेत दुसरीकडे कुठे तो जाणवलाही नसता, पण या दोन नोंदी नेमक्या त्या १० तासांतल्या होत्या.

वेळ दुरुस्त करून पुन्हा गणित चालवलं. वक्र दोन्ही बिंदूंमधून गेला. रात्रीचे दोन वाजले होते, तरी मी तो आलेख लगेच मॅडमना पाठवला.