टबातली रेघ

इंदूरच्या मराठी घरांत बाथटबात पाय पसरून आंघोळ करणारे थोडेच. हौसेनं बसवलेला टब वर्षभरात पाण्याची टाकी होऊन बसतो. नर्मदेचं पाणी शहरात १९७८मध्ये आलं, पण बऱ्याच वस्त्यांत नळ अजून एक दिवसाआडच येतो. मधल्या दिवशी बोअरिंग सुरू. मग टब भरून ठेवायचा आणि तांब्यानं उपसायचा. पाणी जसजसं खाली जातं तशी आतल्या अंगाला एकेक रेघ उमटत जाते. २०१७पासून सलग अनेक वर्षं देशात स्वच्छतेत पहिल्या आलेल्या शहरात ही रेघ तपासायला कोणी येत नाही, हे बरंच आहे.

ती रेघ अंगाच्या मळाची असते असं वाटतं, पण खरी करामत पाण्याची. बोअरिंगच्या जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं. पाणी वाळलं की पांढरा क्षार उरतो आणि त्याच पाण्यात साबण मिसळला की राखाडी चिकटा धरतो. नखानं खरवडून पाहावं. नखात मेणचट काही भरलं तर तो साबण. नख घसरून नुसतं खरखरलं तर क्षार. बहुतेक टबांत दोन्ही असतात, एकावर एक.

म्हणूनच क्रमाला महत्त्व. क्षार आम्लानं निघतो, पण चिकट्यावरून आम्ल नुसतं ओघळून जातं, खालच्या क्षाराला शिवतही नाही. तेव्हा आधी जाळीतले केस चिमट्यानं ओढून काढावेत आणि टब पाण्यानं धुवावा, कारण बोअरिंगची बारीक रेती राहिली तर स्पंजाखाली तीच ओरखडे काढते. मग अर्ध्या बादली कोमट पाण्यात दोन चमचे भांडी घासायचं लिक्विड घालून ते सगळीकडे फासावं, दहा मिनिटं थांबावं आणि मऊ स्पंजानं पुसावं. उकळतं पाणी नको. टबाचं अ‍ॅक्रिलिक उष्णतेनं मऊ पडतं. तारेची घासणी तर बाथरूममध्ये आणूच नये.

आता क्षार. सियागंज बाजारातून ढोकळ्यासाठी आणलेलं लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक आम्ल, इथे उत्तम चालतं. एक लिटर गरमसर पाण्यात ५० ग्रॅम विरघळवायचं. उभ्या बाजूवर ते टिकत नाही, म्हणून जुन्या सुती फडक्याच्या पट्ट्या त्यात भिजवून रेघेवर चिकटवायच्या आणि अर्धा तास वाळू द्यायच्या नाहीत. जोर लावण्यापेक्षा वेळ द्यावा. थर जाड असेल तर पुन्हा पट्ट्या लावाव्यात. नळाखालचा तांबूस ओघळ लोखंडाचा. तोही यानंच हळूहळू फिका होतो, ब्लीचनं मात्र उलट पक्का बसतो. कडेला संगमरवर किंवा कोटा असेल तर थेंबसुद्धा पडू देऊ नये. दोन्ही दगड चुन्याचे. आम्ल त्यांची चकाकी खाऊन टाकतं.

व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र ओतण्याची एक लाडकी कृती आहे. फसफस छान दिसते, पण आम्ल आणि अल्कली एकमेकांना संपवतात आणि हाती खारट पाणी उरतं. दारावर येणाऱ्या अ‍ॅसिडच्या बाटलीचं मात्र हसू येत नाही. त्यातलं हायड्रोक्लोरिक आम्ल क्षार चटकन काढतं, सोबत जाळीचा क्रोम आणि इनॅमलची झिलईही नेतं. झिलई गेलेल्या जागी पुढचा मळ दुप्पट वेगानं बसतो. आणि कुठल्याही आम्लाच्या जोडीनं ब्लीच वापरणं म्हणजे बंद बाथरूममध्ये क्लोरीन वायू तयार करणं.

राहिली कडेची काळी बुरशी. तिच्यासाठी पातळ केलेलं ब्लीच टिश्यू पेपरच्या पट्टीवर घेऊन पंधरा मिनिटं ठेवावं. पण वेगळ्या दिवशी, खिडकी उघडी ठेवून. कडेच्या फटीत भरलेल्या सिलिकॉनच्या आतच काळं उतरलं असेल तर घासून काही होत नाही. ते कापून काढावं, खाच कोरडी करावी आणि नवं भरण्याआधी टब पाण्यानं भरून ठेवावा. भरला टब वजनानं किंचित खाली बसतो आणि फट पूर्ण उघडते. रिकाम्या टबाला लावलेलं सिलिकॉन पहिल्याच भरणीत ताणून सुटतं. नवं सिलिकॉन सुकेपर्यंत, साधारण २४ तास, ते पाणी सोडायचं नाही. तोवर बादली-तांब्या आहेच.