दहा वॅटचा रविवार

ऑक्टोबर 1987. रविवार, सकाळचे सव्वानऊ. साडेनऊला 'रामायण' लागणार होतं आणि आमचा ट्रान्समीटर तिसऱ्यांदा ट्रिप होऊन बंद पडला होता.

मी तेव्हा मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी, दूरदर्शनच्या लघुशक्ती प्रक्षेपण केंद्रावर होतो. आम्ही सगळे 'एलपीटी'च म्हणायचो. दोन खोल्या, जनरेटर, इन्सॅट-1बी उपग्रहाकडे तोंड करून बसलेली बारा फुटी डिश आणि एक मनोरा. स्वतःचा कार्यक्रम एकही नाही. दिल्लीहून उपग्रहामार्गे आलेलं चित्र घ्यायचं आणि 100 वॅटवर सोडायचं. साधारण दहा-पंधरा किलोमीटरपर्यंत ते पोचायचं. घरातल्या एका बल्बाएवढी ताकद! मुंबई केंद्र 1972 सालचं, पण आमच्यासारख्या गावांना टीव्ही मिळाला तो 1983च्या ऑगस्टमध्ये इन्सॅट-1बी वर गेल्यानंतर. 1984 साली तर काही महिने देशात जवळजवळ रोज एक ट्रान्समीटर चालू होत होता. यातले बहुतेक अ‍ॅनालॉग ट्रान्समीटर 2022च्या मार्चअखेरपर्यंत बंद झाले. त्यांचा इतिहास लिहिताना लोक उद्घाटनांच्या तारखा देतात. मला मात्र तो रविवार आठवतो.

ट्रान्समीटर चार मिनिटं चालायचा, तापायचा आणि स्वतःला वाचवायला बंद पडायचा. आधी शंका अँटेनावर गेली. अँटेनाऐवजी डमी लोड, म्हणजे शक्ती नुसती जिरवणारा भार, लावून पाहिला, तरी तेच. म्हणजे मनोऱ्यावर काही बिघडलेलं नव्हतं, दोष सिग्नलची ताकद वाढवणाऱ्या पॉवर अ‍ॅम्प्लिफायरमध्ये होता. तो उघडून बघायला वेळ कुठे होता? वॉचमनकाका दारातून सारखे घड्याळ दाखवत होते. शेवटी अ‍ॅम्प्लिफायर बाजूला ठेवला आणि त्याच्या आधीच्या, मूळ सिग्नल तयार करणाऱ्या एक्सायटरची केबल सरळ अँटेनाकडे जाणाऱ्या फीडरला जोडली. एक्सायटर जेमतेम दहा वॅटचा. नऊ अठ्ठावीसला खोलीतल्या टीव्हीवर चित्र आलं, स्वच्छ. बाजारपेठेतून फोन आला, "झकास दिसतंय." हात थरथरत होते, पण जीव भांड्यात पडला. लॉगबुकात मी लिहिलं: प्रसारण सुरळीत.

भाग संपल्यावर अ‍ॅम्प्लिफायर खोलला. थंड हवा फेकणाऱ्या पंख्याच्या पात्यांमागे कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं होतं. बोटाच्या पेराएवढं, आणि इतकं कडक की स्क्रू-ड्रायव्हरने टोकरावं लागलं. पंखा अडखळत फिरत होता आणि त्यात ऑक्टोबरचं ऊन. माती काढली, पंखा मोकळा झाला, 100 वॅट परत आले.

अकराच्या सुमाराला एक माणूस सायकलवरून आला. धोतर गुडघ्यापर्यंत धुळीने माखलेलं. बारा किलोमीटरवरच्या गावाहून आला होता. तो भांडला नाही. एवढंच म्हणाला, "साहेब, आज नुसत्या मुंग्या. आवाज येत होता, पण राम काय दिसला नाही."

मला एकदम उमगलं. शक्ती दहावा हिस्सा झाली की सिग्नलची तीव्रता एक तृतीयांशाच्या आसपास उरते. गावात मुळातच सिग्नल भरपूर, त्यामुळे तिथे कुणाला फरक कळलाच नाही. कडेला मात्र पहिल्यापासूनच काठावर पास होतं, तिथे चित्र पार गेलं. आणि कडेच्या गावांत फोन नव्हते.

मी त्याला चहा दिला आणि पुढच्या रविवारी येतो म्हणालो. त्या दिवशी माझी ड्युटी नव्हती.

चावडीसमोर अंगणभर माणसं बसली होती. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालणारा छोटा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही, त्याला झेंडूचा हार, पुढे उदबत्ती. अँटेना बांबूला सुतळीने बांधलेला. एक पोरगं बांबू धरून उभं होतं आणि आतून हुकूम सुटत होते: "फिरव... थोडं मागं... हां, राहू दे!" पोराने मान वळवूनसुद्धा टीव्हीकडे पाहिलं नाही, बांबू हलेल म्हणून.

चित्र आलं. ट्रान्समीटर पूर्ण 100 वॅटवर होता, तरीही पडद्यावर बारीक मुंग्या होत्याच. मी अस्वस्थ होऊन सायकलवाल्याकडे पाहिलं. तो हसून म्हणाला, "आज एकदम क्लिअर हाय बघा!" पुढे बसलेल्या आजींनी हात जोडले होते.

तीन वर्षं मी खोलीतल्या टीव्हीवर चित्र पाहून शेरे लिहीत होतो. तो टीव्ही मनोऱ्यापासून तीस पावलांवर होता.

सोमवारी ड्युटीवर आल्याबरोबर लॉगबुकाचं आधीच्या रविवारचं पान काढलं. 'प्रसारण सुरळीत'च्या खाली वेळ घालून लिहिलं: साडेनऊपासून भाग संपेपर्यंत फक्त एक्सायटरवर, अंदाजे 10 वॅट, कडेच्या गावांत चित्र नाही. आणि सही केली.