आमची वाटचाल: दोन पोकलेन आणि एक शिट्टी

२००३ ला भांडुपमधून एका सेकंडहँड जेसीबीवर खोदकामाच्या धंद्याला सुरुवात केली, पार्टनर होता, त्याचं पुढे येईलच. आज दोन पोकलेन, म्हणजे पट्ट्यांवर चालणाऱ्या खोदाईच्या मशीन, एक जेसीबी, एक दगड फोडायचा ब्रेकर. मधल्या वर्षांचं काय सांगू, हप्ते भरले, ग्रीस मारलं, पोरं शिकली. सांगण्यासारखं वर्ष २०११.

लोअर परळला गिरणीच्या जागेवर टॉवरचं बेसमेंट खोदत होतो. वर जुना भराव, मग मुरूम, खाली काळा दगड. आपली २० टनी मशीन, ऑपरेटर अनुभवी, डंपर लाईनीत. पोकलेनच्या मागचं तोल सांभाळणारं वजन आणि कंपाउंडचा पत्रा यात जेमतेम दोन फूट. त्या सापटीत सावली म्हणून आमच्या हेल्परने पाण्याची बाटली ठेवलेली. पाटणकडचा पोरगा, २२ वर्षांचा. बाटली घ्यायला तो आत वळला आणि त्याच वेळी ऑपरेटरने बकेट डंपरवर न्यायला स्विंग मारला, म्हणजे मशीनचा वरचा भाग फिरवला. ज्याने केबिनमध्ये बसून बघितलंय त्याला माहितीय, उजवीकडे बूम, म्हणजे मशीनचा मोठा हात, आडवा येतो आणि मागचं वजन कुठून जातंय ते दिसतच नाही. पत्रा वाजला तेव्हा ऑपरेटरला वाटलं दगड लागला.

पोरगा वाचला, मांडीचं हाड दोन ठिकाणी गेलं.

मग साईट बंद, पोलीस, दवाखाना, आणि डेव्हलपरने सात लाखांचं बिल अडकवलं ते आजपर्यंत. तीन हप्ते थकले आणि फायनान्सवाले जेसीबी घेऊन गेले, बायको गॅलरीत उभी राहून बघत होती. आणि अपघातानंतर आठव्या दिवशी त्याच साईटवर, मी बनवलेल्या रॅम्पवरून, माझा जुना पार्टनर स्वतःची मशीन खाली उतरवतो! तासाला शंभर रुपये कमी रेटने. फोन केला तर म्हणतो, धंदा आहे भाऊ.

तेव्हा गिरगावचे एक काका उभे राहिले. ड्रेनेज लाईनचे जुने कंत्राटदार. घरी आले, चहा घेतला, पन्नास हजार ठेवले आणि म्हणाले, पावती राहू दे रे, ३१ मे च्या आत माझी लाईन टाकून दे, पुढे पावसात रस्ता खोदायला परवानगी नाही. भाड्याच्या जेसीबीवर ते काम केलं. चाळींमधली गल्ली, खाली बेस्टच्या केबल, गॅसची लाईन, कुठे काय पुरलंय देवाला ठाऊक. काका आधी हातखड्डा घ्यायला लावायचे, तोही फावड्याने, पहार नको, केबल दिसली की मगच बकेट. दीड मीटरच्या खाली चर गेला की फळ्या आणि टेकू लावल्याशिवाय माणूस आत नाही. मी घाई केली की विचारायचे, एक घनमीटर माती किती भरते? दीड-दोन टन रे बाबा, छातीवर घेणार का?

आता नवीन पोरं मशीन घेतायत म्हणून सांगतो, पटलं तर बघा. कडेला खोदताना ट्रॅक, म्हणजे मशीनचे पट्टे, कडेला समांतर लावू नका, काटकोनात ठेवा आणि पट्टे फिरवणारी ट्रॅव्हल मोटर मागे, म्हणजे माती सुटली तर सरळ मागे पळता येतं. काढलेली माती कडेवर रचू नका. कडेपासून थोडं आत, कडेला समांतर बारीक फट दिसली की चहा सोडा पण मशीन मागे घ्या. उतरताना बकेट जमिनीवर आणि लॉकचा लिव्हर वर, म्हणजे जॉयस्टिक बंद, शर्टाची बाही जॉयस्टिकला अडकून बूम हललेला मी डोळ्याने बघितलाय.

आणि शिट्टीवाला. आमच्या प्रत्येक पोकलेनला एक माणूस, त्याचं काम फक्त शिट्टी. पाणी आणायचं नाही, डिझेल भरायचं नाही, मोबाईल नाही. मशीनभोवती दोरी, दोरीच्या आत कोणी शिरलं की शिट्टी, शिट्टी वाजली की ऑपरेटरने हात सोडायचे, कोण वाजवतंय का वाजवतंय ते नंतर. त्यातला एक तोच पाटणचा पोरगा, आता दोन मुलांचा बाप, थोडा लंगडतो पण नजर घारीची.

या माणसाचा पगार रेटमध्ये धरावा लागतो, म्हणून आमचं कोटेशन वर दिसतं. बिल्डर विचारतात मागे कॅमेरा आहे ना, मग माणूस कशाला? अहो, जुलैत दहा वाजेपर्यंत कॅमेऱ्यावर चिखलाचा थर बसतो. तरी कामं जातात. गेल्या महिन्यात वरळीचं गेलं, कोणाकडे ते तुम्ही ओळखलंच असेल. भरतीच्या वेळी खड्ड्यात पाणी वर येतं तिथे, पंप दिवसरात्र लागतो, त्याने तो रेटमध्ये धरलाय की नाही कोण जाणे.

त्याच्याकडे माझ्या ब्रेकरच्या दोन छिन्न्या आहेत, २००९ पासून.