आमची वाटचाल : वहीचं शेवटचं पान

आमच्या छोट्या प्रशिक्षण वर्गाचं खरं भांडवल म्हणजे एक आखीव वही. चारचौघांत बोलायची, वरिष्ठांना नकार द्यायची, आपलं मत उघड मांडायची भीती घेऊन लोक येतात, त्यांच्यासाठी ती बेतली. रकाने चार. पहिल्यात, आज काय करणार. दुसऱ्यात, काय होईल असं वाटतं. इथे 'फजिती होईल' चालत नाही. 'तिसऱ्या वाक्याला आवाज बसेल आणि दोघं हसतील' असं डोळ्याला दिसेल, कानाला ऐकू येईल असंच लिहायचं. नाहीतर ते खरं ठरलं की खोटं, कळणार कसं? तिसऱ्यात शून्य ते शंभरमधला भीतीचा आकडा. ही पट्टी मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांची. चौथ्यात, प्रत्यक्षात काय झालं.

वहीवरून शिडी आखायची, म्हणजे भीतीची कामं कमी आकड्याकडून जास्तीकडे लावायची. आठ-दहा पायऱ्या, सुरुवात तीस-चाळीसच्या आकड्याला. नव्वदवर पहिला पाय टाकणारा बहुतेकदा मध्येच पळतो, आणि पळाल्यावर जे हायसं वाटतं तेच भीतीला खतपाणी घालतं. मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी पीटर नावाच्या लहानग्याची सशाची भीती घालवली, १९२४ मध्ये त्यावर लिहिलंही. तिथेही ससा थोडा थोडाच जवळ आणला होता.

पायरी चढताना कुबड्या बाजूला ठेवायच्या. हातातला मोबाइल, पाठ केलेलं वाक्य, शेजारी बसवलेला मित्र, बोलून झाल्यावरचं उगाच हसणं. कुबडी राहिली की माणूस श्रेय तिलाच देतो. दीर्घ श्वाससुद्धा कुबडी होतो, हे आमच्याच क्षेत्रातल्या कित्येकांना अजून पटत नाही.

मग निखाऱ्यांवरून चालवणारे आले. एका दिवसात निर्भय! आमच्यासोबत शिड्या आखणारा भागीदार तिकडे गेला आणि आमच्या पद्धतीला 'रखडपट्टी' म्हणू लागला. ते अजून सलतं. कोळसा उष्णता हळू सोडतो, पाऊल क्षणभरच टेकतं, म्हणून भराभर चालणाऱ्याचा तळवा सहसा भाजत नाही. आणि निखाऱ्यांवर मिळालेलं धैर्य साहेबांच्या केबिनमध्ये कामी येईलच असं नाही, कारण मेंदू जे शिकतो ते जागेसकट, माणसांसकट शिकतो. म्हणून प्रत्येक पायरी निदान तीन वेगळ्या माणसांसमोर, वेगळ्या वेळी करायची.

पण बॅच ओस पडू लागल्या आणि आम्हीही घाबरलो. पत्रकावर छापलं, 'भीती कायमची जाईल'. ते खोटं होतं, आणि आम्हाला ते ठाऊक होतं. जुनी भीती पुसली जात नाही, तिच्यावर नवा अनुभव बसतो. खंड पडला, जागा बदलली की ती पुन्हा डोकं वर काढते. शास्त्रज्ञ पावलोव यांच्या कुत्र्यांना ठरावीक खुणेनंतर अन्न मिळायचं, म्हणून नुसत्या खुणेनंही लाळ सुटायची. अन्न बंद झाल्यावर थांबलेली ती लाळसुद्धा मधल्या विश्रांतीनंतर परत सुटली होती. माणसं चिडून परतली, गाशा गुंडाळायची वेळ आली. शेवटी पत्रक मागे घेतलं आणि एकेकाला फोन करून सांगितलं, 'तो शब्द द्यायला नको होता.' फोन करताना आमचाही आकडा ऐंशीच्या पुढे होता.

त्या दिवसांत एक ताई टिकून राहिल्या. त्यांची शिडी नकाराची. सातव्या पायरीवर त्यांच्या अक्षरात वाक्य आहे : 'हे काम मी घेणार नाही.' पुढे तीन कारणं लिहिली होती, तिन्ही पेनानं खोडली आहेत. कारण दिलं की समोरचा त्यावर तोडगा काढतो आणि काम पुन्हा तुमच्याच गळ्यात पडतं. वाक्य संपलं की गप्प बसायचं, पुढची शांतता समोरच्यानं भरायची.

सरावाचं व्हिडिओ रेकॉर्डिंग करत असाल तर पाहण्याआधी आपण कसे दिसलो असू ते लिहून काढा, मग अनोळखी माणसाकडे पाहावं तसं पाहा. आतून जाणवणारी थरथर बाहेर त्या मानानं फारच कमी दिसते. सुई किंवा रक्त पाहून चक्कर येत असेल, तर 'अंग सैल सोडा' हा सल्ला उलटा पडतो, कारण तिथे रक्तदाब घसरतो. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्ट यांची रीत वापरा : हात, पाय, पोट १०-१५ सेकंद आवळायचे, २०-३० सेकंद सोडायचे, असं पाच वेळा. आणि खरं बोललं तर मार बसेल अशी स्थिती असेल, तर शिडी आखू नका. आधी सुरक्षित जागा आणि मदतीची माणसं शोधा.

पत्रकाच्या त्या प्रकरणानंतर वहीत एक पान वाढवलं, 'परत आली तर'. शिडी संपते त्याच दिवशी ते भरून घेतो : कुठल्या पायरीवर अडलो, तिच्या दोन पायऱ्या खालून सुरुवात, सराव कुणासमोर. ताईंच्या वहीत त्या पानावर आज चार तारखा आहेत.