तबल्याच्या रियाजाची वही नोशनमध्ये: दोन तक्ते, लयीचे आकडे आणि ‘उद्या’चा रकाना

रियाजाची नोंद ठेवायची ती उद्या काय वाजवायचं हे ठरवण्यासाठी. ‘आज दोन तास छान रियाज झाला’ अशा शंभर ओळी साठल्या तरी त्यातून पुढचं पाऊल कळत नाही. म्हणून नोशन (नोंदी आणि तक्ते ठेवायचं ॲप) उघडून रंगीत टेम्प्लेट शोधण्याआधी कागदावर तीन प्रश्न लिहा. कुठला कायदा (तबल्यातली विस्ताराची रचना) किती दिवस हातात घेतला नाही? तो कुठल्या लयीपर्यंत स्वच्छ येतो? अडतं ते नेमक्या कुठल्या बोलावर? या तीन प्रश्नांना लागतात तेवढेच रकाने ठेवायचे. बाकीचे महिनाभरात रिकामे पडतात आणि मग सगळी वहीच नकोशी होते.

सगळ्यात जास्त वह्या बिघडतात त्या एका कारणाने: एका दिवसाला एक ओळ. त्या ओळीत चार रचना जोडल्या आणि लय 60 लिहिली, तर ती 60 पेशकाराची, कायद्याची की रेल्याची? डेटाबेसला ते सांगायची सोयच राहत नाही. म्हणून एका दिवशी एका रचनेला एक ओळ. चार रचना घेतल्या तर चार ओळी. जास्त काम वाटतं, पण एक ओळ भरायला अर्धा मिनिट पुरतो आणि पुढचं सगळं गणित त्यावरच उभं राहतं.

तक्ते दोन. पहिला ‘रचना’: प्रत्येक कायदा, रेला, तुकडा, चक्रदार, गत यांचं एकेक पान. रकाने: नाव, ताल, प्रकार, घराणं, कोणाकडून मिळाली, स्थिती (नवीन, चालू, पक्की, बाजूला ठेवलेली) आणि पढंत (बोल तोंडाने म्हणणं) येते का, याची खूण. ही शेवटची खूण वगळू नका. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसणाऱ्यांना हातावर ताल धरून बोल म्हणून दाखवावे लागतात, आणि हातात बसलेली रचना तोंडी अडखळते असं सर्रास होतं. परीक्षा द्यायची असेल तर ‘परीक्षा’ नावाचा मल्टी-सिलेक्ट रकाना करून त्यात प्रवेशिका, मध्यमा, विशारद असे टप्पे घाला, म्हणजे अभ्यासक्रम समोर ठेवून कुठल्या तालात काय कमी आहे ते तालानुसार गट पाडून लगेच दिसतं. तीनतालात पंधरा रचना आणि झपतालात एक, हे चित्र बहुतेकांचं असतं.

दुसरा तक्ता ‘नोंदी’. रकाने: तारीख, रचना (रिलेशन, म्हणजे पहिल्या तक्त्यातल्या पानाशी जोड), मिनिटं, लय, पट (एका मात्रेत किती बोल), आणि शीर्षक. नोशनमध्ये शीर्षकाचा रकाना काढून टाकता येत नाही, आणि लोक त्यात ‘रियाज 1’, ‘रियाज 2’ असं काहीतरी भरतात. त्यापेक्षा तिथेच उद्याची सूचना लिहा: ‘तिटमधला ट दबतोय, 56 ला ठीक, 60 ला जातो. उद्या 54 पासून.’ शीर्षक सगळीकडे आपोआप दिसतं. रचनेचं पान उघडलं की जोडलेल्या नोंदींच्या यादीत या सूचना एकाखाली एक वाचायला मिळतात, वेगळा रकाना उघडावा लागत नाही.

तारखेसाठी ‘क्रिएटेड टाइम’ वापरू नका. तो रकाना बदलता येत नाही. रात्री रियाज करून सकाळी नोंद केली की तारीख चुकते आणि चुकलेलीच राहते. साधा ‘डेट’ रकाना घ्या, नोंदींच्या डीफॉल्ट टेम्प्लेटमध्ये त्याची किंमत ‘आज’ ठेवा. रोज आपोआप भरेल, लागलं तर हाताने बदलता येईल.

आता लय. ‘मध्य लय’, ‘जरा चढी’ हे शब्द शिकताना उपयोगाचे, नोंदीत नाहीत. सहा महिन्यांनी तुमचीच मध्य लय सरकलेली असते. मेट्रोनोमचा किंवा लेहऱ्याच्या (तबल्यासोबत फिरत राहणाऱ्या धुनेच्या) ॲपचा आकडा लिहा, म्हणजे मिनिटाला किती मात्रा. पण तेवढंही पुरत नाही. 120 ला दुगुन (मात्रेला दोन बोल) आणि 60 ला चौगुन (मात्रेला चार) यांत हाताला लागणारा वेग एकच: मिनिटाला 240 बोल, सेकंदाला चार. नुसता लयीचा रकाना पाहिला तर 120 च्या दिवशी दुप्पट प्रगती झाल्यासारखी वाटते. म्हणून ‘पट’ हा वेगळा रकाना (1, 2, 3, 4) आणि ‘बोल-गती’ नावाचा फॉर्म्युला: लय गुणिले पट. पट हा रकाना ‘नंबर’ प्रकारचाच हवा. ‘सिलेक्ट’ केला तर त्यातला 4 हा नोशनच्या लेखी मजकूर असतो आणि गुणाकार अडतो. ‘दुगुन’, ‘चौगुन’ हे शब्द आवडतात म्हणून सिलेक्ट ठेवायचाच असेल तर फॉर्म्युल्यात प्रत्येक शब्दाला आकडा द्यावा लागतो. चालतं, पण कटकट आहे.

आणि कुठली लय लिहायची? एकदा कशीबशी गाठली ती नाही. निकष ठरवून घ्या आणि मग तो बदलू नका. आठ आवर्तनं सलग, एकही बोल न दबता, न थांबता, ही चांगली कसोटी आहे. 60 च्या लयीत तीनतालाचं आवर्तन 16 सेकंदांचं, म्हणजे आठ आवर्तनांना दोन मिनिटं आणि वर आठ सेकंद. तेवढा वेळ डाव्या हाताची घुमक टिकली, तर ती लय लिहायला हरकत नाही. कसोटी मध्येच सैल केली तर आलेख चढतो आणि हात जागच्या जागी राहतो.

दोन्ही तक्ते जोडणारं रिलेशन करताना ‘दुसऱ्या बाजूलाही दाखवा’ हा पर्याय चालू करा. मग रचनांच्या तक्त्यात तीन रोलअप (जोडलेल्या नोंदींवरून आपोआप निघणारी उत्तरं): तारखेवरून ‘लेटेस्ट डेट’ (शेवटचा रियाज), मिनिटांवरून ‘सम’ (एकूण वेळ), बोल-गतीवरून ‘मॅक्स’ (सर्वोच्च स्वच्छ गती). वर एक फॉर्म्युला, आज आणि शेवटचा रियाज यांतल्या दिवसांचा; ‘डेटबिटवीन’ हे फंक्शन त्यासाठीच आहे. आता ‘आज काय’ नावाचा व्ह्यू (त्याच तक्त्याची गाळून, क्रम लावून केलेली मांडणी) करा: स्थिती ‘चालू’, दिवसांच्या उतरत्या क्रमाने. तबल्यावर बसताना फक्त हा व्ह्यू उघडायचा, वरच्या दोन-तीन रचना घ्यायच्या.

‘मॅक्स’ फसवतो, हे ध्यानात ठेवा. मार्चमध्ये 320 गाठलेला कायदा दोन महिने सोडला की 240 वर येतो, पण तक्ता 320 च दाखवतो. त्यामुळे सर्वोच्च आकड्याशेजारी शेवटच्या नोंदीतली गतीही दिसली पाहिजे. ती फॉर्म्युल्याने आणता येते: नोंदी तारखेनुसार लावायच्या, शेवटची उचलायची, तिची बोल-गती घ्यायची. 2023 नंतरच्या फॉर्म्युल्यांत हे एका ओळीत बसतं. या दोन आकड्यांतलं अंतर वाढत असेल तर ती रचना ‘पक्की’ या स्थितीतून परत ‘चालू’मध्ये आणा.

रचनेच्या पानावर बोल कसे लिहायचे? ओळीत जागा सोडून लिहिलेले बोल मोबाइलवर हमखास विस्कटतात, कारण देवनागरी अक्षरांची रुंदी सारखी नसते. कोड ब्लॉकनेही ते सुटत नाही. भातखंडे पद्धतीतली बोलांखालची चंद्रकोर कीबोर्डवर नाही. उपाय साधा टेबल हा, डेटाबेस नव्हे. एक चौकट म्हणजे एक मात्रा, एक ओळ म्हणजे एक विभाग, पहिल्या स्तंभात टाळीची खूण. दिल्लीचा सगळ्यांना माहीत असलेला कायदा एकपटीत घ्या: समेच्या ओळीत धा, धा, ति, ट, दुसऱ्या टाळीला धा, धा, तू, ना, खालीच्या (टाळी न देता हात मोकळा दाखवायच्या) ओळीत ता, ता, ति, ट, तिसऱ्या टाळीला धा, धा, धी, ना. खालीची ओळ डोळ्यांना वेगळी दिसते, आणि डग्गा कुठे बंद होतो ते पाहताच कळतं. चौगुन लिहायची झाली तर एका चौकटीत चार अक्षरं: धाधातिट. पलटे (त्याच बोलांची फिरवाफिरव) त्याच पानावर टॉगलमध्ये (घडी करून मिटता येणाऱ्या भागात), एकेका टॉगलखाली एकेक टेबल. पलट्याला वेगळं पान करू नका, नाहीतर दोनशे रचना दिसतील आणि त्यातल्या खऱ्या वीसच असतील.

नावांचा घोळ हा मराठीत खास आपला. एकाच कायद्याला ‘धाधातिट’, ‘धा धा तिट’, ‘धाधा तिट कायदा’ अशी तीन नावं पडतात, कारण रिलेशनच्या चौकटीत नाव सापडलं नाही की नोशन नवं पान करून देतं आणि घाईत ते स्वीकारलं जातं. मग एका रचनेचा इतिहास तीन ठिकाणी विखुरतो. नाव ठेवण्याचा एकच नियम पाळा: ताल, पहिले बोल, प्रकार, जसं ‘तीनताल धाधातिट कायदा’. तिरकिट की तिरकीट, तूना की तुना, हेही एकदाच ठरवा. ‘वाजवणाऱ्या’सारख्या शब्दातला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो, दिसतो सारखा, आणि शोधात एक सापडला तरी दुसरा सापडेलच असं नाही. तबल्याच्या बोलांत हा र येत नाही, पण सूचनांत येतो. आकड्यांच्या रकान्यात 0 ते 9 हेच अंक वापरा.

ध्वनिमुद्रण वहीत भरायचा मोह आवरा. नोशनच्या फुकट योजनेत एका फाइलला 5 एमबीची मर्यादा आहे. 128 केबीपीएसचं रेकॉर्डिंग मिनिटाला साधारण 1 एमबी होतं, म्हणजे पाच मिनिटांत संपलं. तेच सीडीच्या दर्जाचं वेव्ह असेल तर मिनिटाला 10 एमबी. फाइल फोनमध्ये किंवा ड्राइव्हवर ठेवा, नावाची सुरुवात वर्ष-महिना-दिवस अशी करा म्हणजे आपोआप क्रमाने लागतात, आणि नोंदीत फक्त दुवा द्या. रोजचं रेकॉर्डिंग कोणी ऐकत नाही. आठवड्यातून एकदा, कसोटीची ती आठ आवर्तनं, एवढंच पुरे.

वाद्यांसाठी तिसरा छोटा तक्ता करा: तबला, स्वर (काळी एक, पांढरी चार), पुडी (वर मढवलेलं कातडं) कधी बदलली, कोणाकडून, खर्च. पावसाळ्यात दमट हवेने पुडी सैल पडते, स्वर उतरतो, ट दाबून वाजतो आणि दोष बोटांना दिला जातो. नोंदीत ‘वाद्य’ हे रिलेशन असेल तर ट दबण्याच्या तक्रारी एकाच तबल्यावर आहेत का, ते गाळून पाहता येतं.

दर वर्षी नवा डेटाबेस काढू नका, जुनी रिलेशनं तुटतात. रोज चार ओळी म्हटलं तरी वर्षाच्या साडेचौदाशेच्या आसपास होतात. व्ह्यूला ‘गेले 30 दिवस’ असा फिल्टर लावला की फोनवरही पटकन उघडतं. शिकवणीच्या जागी नेटवर्क नसेल तर ‘आज काय’चं पान आधी ऑफलाइन ठेवून जा, ही सोय 2025 पासून आहे. ज्यांना नेटवर अवलंबून राहायचंच नाही त्यांनी ऑब्सिडियन हे नोंदींचं दुसरं ॲप घ्यावं: फाइली आपल्याच यंत्रावर, साध्या मार्कडाउनमध्ये, आणि ‘बेसेस’ या त्यातल्या सोयीमुळे तक्तेही मिळतात. रोलअपची तयार सोय मात्र नोशनइतकी सुटसुटीत नाही, म्हणून नुसते बोल जपायचे तर ऑब्सिडियन, नोंदींचं गणित हवं तर नोशन, असं माझं मत.

महिन्यातून एकदा सगळं मार्कडाउन आणि सीएसव्ही करून उतरवून ठेवा. त्या सीएसव्हीत फॉर्म्युल्यांची फक्त उत्तरं येतात, रिलेशनच्या जागी नुसता मजकूर. म्हणजे मजकूर वाचतो, यंत्रणा नाही. ती फाइल एक्सेलमध्ये थेट उघडली तर देवनागरीची चिन्हं होऊ शकतात. ‘डेटा’मधून मजकूर आयात करा आणि यूटीएफ-8 निवडा, किंवा गूगल शीट्समध्ये उघडा.

आणि रचनांच्या तक्त्याचं ‘शेअर’ बंद ठेवा. गुरूंनी समोर बसवून दिलेली चक्रदार दुव्यावरून कुणालाही उघडता येणं बरोबर नाही. सहाध्यायांना द्यायची असेल तर आधी गुरूंना विचारा आणि मग त्या एका पानाचा प्रवेश त्यांच्या ईमेलवर द्या. अख्ख्या तक्त्याचा नको, कारण त्याला जोडलेल्या तुमच्या सगळ्या नोंदीही त्याच वहीत आहेत.