आधी गच्ची, मग सोलर

आमच्या बोरिवलीच्या सोसायटीच्या कॉमन मीटरवर आता सोलर चालू आहे. लिफ्ट, पाण्याचे पंप, जिन्यातले आणि आवारातले दिवे, सगळं त्याच मीटरवर. सात मजले, २८ घरं, इमारत नव्वदच्या दशकातली. मी कमिटीची सेक्रेटरी, त्यामुळे ठरावापासून सबसिडीपर्यंतचं बहुतेक काम माझ्या हातून गेलं. आजूबाजूच्या सोसायट्यांतून फोन येतात ते पॅनेल कुठलं घेतलं आणि सबसिडी किती मिळाली, एवढंच विचारायला. पण खरी मेहनत त्याच्या आधीची असते, गच्चीवर आणि कागदांत. म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

छतावरच्या सोलरला सबसिडी देणारी केंद्र सरकारची पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. स्वतंत्र घराला जास्तीत जास्त ७८,००० रुपये, हा आकडा सगळ्यांना पाठ असतो. सोसायटीचा हिशोब वेगळा आहे. सामायिक सोयींसाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये, तेही घरामागे ३ किलोवॉट धरून आणि एकूण ५०० किलोवॉटपर्यंतच. हे वाचल्यावर एका सभासदांनी सभेत लगेच गुणाकार केला, "मग आपण ८४ किलोवॉट लावू शकतो!" नियमात बसतं, गच्चीत बसत नाही. एका किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट सावलीविना जागा लागते. आणि जागा असती तरी मी विरोधच केला असता. आम्ही वर्षभराची कॉमन मीटरची बिलं काढली, सरासरी महिन्याला १,२०० युनिटच्या आसपास आली. मुंबईत एक किलोवॉट वर्षाच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिट देतो. म्हणजे १० किलोवॉट आम्हाला पुरे. जास्तीची वीज ग्रीडला जाते, तिचे युनिट खात्यात जमा होतात, पण ३१ मार्चला जे उरतात त्यांना आपण वीज घेतो तो भाव मिळत नाही. बिल बघून क्षमता ठरवा, गच्ची बघून नाही.

आता गच्ची. सातव्या मजल्यावरच्या काकूंनी ठरावाला पहिल्याच सभेत हरकत घेतली. "हे बघ, इतकी वर्षं पावसाळ्यात बेडरूममध्ये बादल्या लावल्यात मी. वर अजून भोकं पाडणार असाल तर माझी सही मिळणार नाही." काही जणांना हा खोडा वाटला. मला त्यांचं म्हणणं शंभर टक्के पटलं होतं. पॅनेल पंचवीस वर्षं टिकणारी वस्तू आहे. तिच्याखालची गच्ची गळायला लागली, तर सगळा सांगाडा उतरवून दुरुस्ती करायची आणि पुन्हा चढवायचा, हा खर्च कुठल्याही कोटेशनमध्ये लिहिलेला नसतो. शिवाय वीज सगळ्यांची वाचणार आणि ओल मात्र वरच्या चार घरांनी सोसायची, हा न्याय नाही.

म्हणून सोलरचा ठराव बाजूला ठेवून आधी वॉटरप्रूफिंगचा केला. स्ट्रक्चरल ऑडिट करायचंच होतं, तेही त्याच वेळी उरकलं, आणि वर येणारं वजन स्लॅब पेलेल असं इंजिनिअरकडून लेखी घेतलं. जुना ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर, पूर्ण फोडला, स्लॅबच्या भेगा भरल्या, नवा कोबा उताराला घालून वर चायना मोझॅक केलं. मग पाण्याचे सगळे निचरे बंद करून गच्चीत पाणी भरून ठेवलं. त्याआधी मी आणि कंत्राटदाराचा मुकादम काकूंच्या घरी गेलो, शिडीवर चढून छतावरच्या जुन्या डागाच्या कडेने पेन्सिलची रेघ मारली. दोन दिवस पाणी उभं होतं. डाग रेघेच्या पुढे सरकला नाही, भिंतीला हात लावला तर कोरडी. काकूंनी स्वतः स्टुलावर चढून पाहिलं आणि तिथेच सही केली. या कामाचा खर्च सोलरच्या जवळपास गेला. रिपेअर फंड आणि थोडी वर्गणी यांतून तो भागला, सिंकिंग फंडाला हात लावला नाही.

सांगाड्याचे पाय बसवतानाही स्लॅबला एकही ड्रिल मारू दिलं नाही. मोझॅकवरच काँक्रीटचे चौकोनी पाये ओतले, बोल्ट त्यातच अडकवले आणि पायाच्या कडेला सिमेंटची गोलाई मारली, म्हणजे पाणी साचत नाही. यावर व्हेंडर कुरकुरतात, कारण ड्रिल मारणं स्वस्त आणि झटपट होतं. पण स्लॅबमध्ये बोल्ट नाहीत म्हणून वाऱ्याकडे दुर्लक्ष करूनही चालत नाही. मे २०२१ चं तौक्ते वादळ आम्हा सगळ्यांच्या लक्षात आहे. आयएस ८७५ या इमारतींवरच्या भारांच्या भारतीय मानकात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी १५८ किलोमीटरच्या आसपास धरतात. त्या हिशोबाने पायांचं वजन काढलेला आणि इंजिनिअरची सही असलेला नकाशा आम्ही मागून घेतला. इथल्या खाऱ्या हवेत लोखंड लवकर गंजतं, म्हणून सांगाडा हॉट डिप गॅल्व्हनाइज्डच, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेलाच हवा, नुसता रंग मारलेला चालणार नाही.

सावलीचं एक सांगायलाच हवं. मुंबईत मेच्या मध्याला आणि जुलैच्या शेवटी सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. उन्हाळ्यात गच्ची पाहायला आलेल्या माणसाला ती सगळी उन्हात दिसते. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलतो आणि पाण्याची टाकी, लिफ्टची मशीन रूम, शेजारी रीडेव्हलपमेंटमध्ये उठलेला टॉवर, सगळ्यांच्या सावल्या लांबतात. एका पॅनेलवर सावली पडली तरी त्याच्याशी जोडलेल्या ओळीची वीज कमी होऊ शकते. आम्ही डिसेंबरात सकाळी, दुपारी आणि चारच्या सुमाराला गच्चीवर खडूने सावल्यांच्या रेघा काढल्या आणि टाकीच्या उत्तरेचा कोपरा सोडून दिला.

कागदपत्रांत अडकलो ते मीटरच्या नावावर. कॉमन मीटर अजून बिल्डरच्या नावाने होतं! इतकी वर्षं बिल भरलं जात होतं, त्यामुळे कुणाला खटकलं नाही. पण योजनेच्या पोर्टलवर अर्ज ग्राहक क्रमांकावरून होतो आणि सबसिडी सोसायटीच्या खात्यात यायची, तर दोन्हीकडे नाव एकच हवं. सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र आणि ठरावाची प्रत जोडून आधी नाव बदलून घेतलं, त्यात बरेच हेलपाटे झाले. त्याच वेळी बिलावरचा मंजूर भारही बघून घ्या, सोलरची क्षमता त्याच्या आत असावी लागते. आमचा भार पुरेसा होता. शिवाय १० किलोवॉटपर्यंतच्या अर्जाला आता तांत्रिक तपासणीसाठी थांबावं लागत नाही, तो मंजूर धरला जातो.

कोटेशन मागवाल तेव्हा डीसीआर पॅनेलचंच मागवा. सेलही भारतात बनलेले आणि पॅनेलही भारतात जोडलेलं, तरच सबसिडी मिळते. आम्हाला एका व्हेंडरने बराच कमी दर दिला होता, खोदून विचारल्यावर कळलं की पॅनेल डीसीआर नव्हते. योजनेत पाच वर्षांची देखभाल व्हेंडरकडे असते, ती करारात स्वच्छ लिहून घ्या. आणि पूर्ण रक्कम आधी आपल्याला उभी करावी लागते. नेट मीटर (घेतलेली आणि ग्रीडला दिलेली, दोन्ही वीज मोजणारं) लागून, तपासणी होऊन, प्लांट चालू झाल्याचा अहवाल चढला की मग सबसिडी खात्यात येते. आमचे १,८०,००० तसेच आले.

सभेत एका आजोबांनी विचारलं होतं, "लाइट गेली तर लिफ्ट चालेल ना?" १२ ऑक्टोबर २०२० ला ग्रीड बंद पडून मुंबई थांबली होती, तेव्हा ते जिने चढून वर गेले होते. उत्तर आहे, नाही चालणार. बॅटरी नसलेला सोलर ग्रीड गेली की आपोआप बंद होतो, नाहीतर तारेवर काम करणाऱ्या लाइनमनला झटका बसेल. हे आधीच सांगून टाकलं, म्हणून पुढे कुणी फसवल्याची भाषा केली नाही. बिल शून्य होत नाही हेही तेव्हाच सांगितलं, स्थिर आकार भरावाच लागतो.

देखभालीत खरा त्रास कबुतरांचा. विष्ठा वाळली की निघत नाही आणि तेवढा भाग झाकला जातो. आमचा वॉचमन दर पंधरवड्याला सूर्य वर यायच्या आत मऊ मॉपने पॅनेल पुसतो. पाणी पालिकेचंच वापरतो, बोअरिंगच्या पाण्याचे पांढरे डाग राहतात.

जे विचारतात त्यांना मी पावसाळा संपताच सुरुवात करायला सांगते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात वॉटरप्रूफिंग, डिसेंबरात सावल्या, मग पॅनेल, आणि मार्चअखेरीपर्यंत नेट मीटर. युनिटांचा हिशोब एप्रिलपासून नव्याने सुरू होतो. एप्रिल-मेच्या कडक उन्हातले जास्तीचे युनिट जमा राहतात आणि जुलै-ऑगस्टच्या ढगाळ महिन्यांत बिलातून वजा होतात. मीटर जूनमध्ये लागलं, तर पहिलं वर्ष या जमेविनाच जातं. आमची सगळी फाइल, वाऱ्याचा हिशोब धरून केलेल्या सांगाड्याच्या नकाशासकट, सोसायटीच्या ऑफिसात ठेवलेली आहे. कुणाला पाहायची असेल तर रविवारी सकाळी या, गच्चीही दाखवते.