लागली एकदाची

१६ मार्च २०२४. तिठ्यावरच्या टपरीत एकाने मोबाईलमधून मान वर काढली आणि म्हणाला, "लागली!" काय लागली, हे कोणी विचारलं नाही. ग्रहण लागतं, सुतक लागतं, तशी आचारसंहिता लागते. 'लागू झाली' असं फक्त सरकारी पत्रकात. चार दिवसांत आमच्या पाखाडीच्या कोनशिलेवरची नावं वर्तमानपत्राच्या कागदाने झाकली गेली. चिकटवलेल्या कागदावर मथळा होता, 'रणधुमाळीला सुरुवात'.

लोकसभेचं आमचं मतदान ७ मेला. म्हणजे शिमगा मध्ये, आंबा मध्ये, मुंबईचे चाकरमानी मध्ये, आणि या सगळ्यांतून वाट काढणारा उमेदवार. वर्तमानपत्रांनी मात्र बिगुल वाजवून टाकला. कोणी शड्डू ठोकला, कोणी गुडघ्याला बाशिंग बांधलं. निम्मी लढाई, निम्मं लग्न, मध्ये थोडी तालीम. तोफा तर रोज धडाडतात. आमच्या किनाऱ्यावरच्या किल्ल्यांत खऱ्या तोफा गंजत पडल्यात, त्यांच्यावर बसून पोरं फोटो काढतात.

कोकणातला प्रचार होतो तो खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात. त्याला नावच 'खळा बैठक'. शेणाने सारवलेलं खळं, वर झापांचा मांडव, मागून आणलेल्या खुर्च्या, कोकम सरबत. माणसं पंधरा, त्यातली सहा उमेदवाराच्या गाडीतून उतरलेली. इथे तोफ कशी डागणार? जरा आवाज चढला तर शेजारच्या खळ्यातून म्हातारी विचारते, कोणाचं भांडण लागलंय?

आणि नारळ. प्रचार इथे 'सुरू' होत नाही, त्याचा नारळ फुटतो. ग्रामदैवतेपुढे गुरव गाऱ्हाणं घालतो, उमेदवाराला यश मागतो, आणि आम्ही मागे उभे राहून गजर करतो, "व्हय म्हाराजा!" सकाळी एका पक्षासाठी, संध्याकाळी दुसऱ्या. आवाजात फरक नाही. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं पडली नाहीत तर पंचवीस हजारांची अनामत जप्त होते, पण ज्यांची झाली त्यांच्यासाठीही आम्ही तेवढ्याच जोरात 'व्हय' म्हटलेलं असतं. याचा हिशेब देव कसा ठेवतो कोण जाणे.

त्या दिवशी एकाचा नारळ पायरीवर आपटला आणि फुटलाच नाही, गडगडत गटाराशी गेला. कार्यकर्त्यांचे चेहरे पडले. दुसरा शोधायला माणूस धावला. गर्दी पांगल्यावर आमच्या काकूने तो पहिला उचलला, कानाशी धरून हलवला आणि पदराने पुसला.

"पाणी हा," म्हणाली. "आमटीच्या वाटपाक चलतला."